सवडीचे आकाश

आकाशदर्शनाच्या कार्यक्रमात दुर्बिणीमागे रांग लागली की काही प्रश्न हमखास येतात. चंद्रावर रोवलेला झेंडा यातून दिसतो का? ही दुर्बीण किती लांबचे दाखवते? आणि डोळा लावून झाल्यावर, जरा पडेल आवाजात: फोटोत तर याहून छान दिसतो. ही शेवटची तक्रार खोटी नाही. हबलने टिपलेला शनी ज्याने मोबाइलवर पाहिला आहे, त्याला सहा इंची दुर्बिणीतला शनी इवलासा, फिकट आणि थरथरता दिसणार. मग नोकरीधंदा सांभाळणाऱ्या माणसाने रात्री गच्चीवर मान अवघडून त्याच्याकडे का पाहत राहावे? चंद्र, ग्रह आणि धूमकेतू यांच्या निरीक्षणाची वाट दाखवणाऱ्या पुस्तकाला या प्रश्नाचे उत्तर आधी द्यावे लागते. विश्वाच्या भव्यतेपुढे नतमस्तक होण्याचा आनंद वगैरे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. तो आनंद फोटो पाहूनही होतो, आणि डास चावत नाहीत.

माझे उत्तर साधे आहे. तारे आपल्या हयातीत जागचे हलल्यासारखे दिसत नाहीत. सूर्यमालेतल्या वस्तू मात्र बदलत असतात. काही वर्षांत, काही एका रात्रीत, काही तासाभरात. फोटो त्यातला एक क्षण दाखवतो. बदल पाहायचा तर त्याच वस्तूकडे पुन्हा पुन्हा जावे लागते, आणि त्यासाठी लागणारी सवड जगातल्या मोठ्या दुर्बिणींकडे नसते. तिथे शास्त्रज्ञ कित्येक महिने आधी अर्ज करतात, मोजक्या रात्री मिळतात, काम झाले की दुर्बीण दुसऱ्या कोणासाठी दुसरीकडे वळते. रोज रात्री गुरूकडे पाहत बसणे हा त्या यंत्रांच्या दृष्टीने चैनीचा मामला आहे. हौशी माणसाला ती चैन परवडते.

१९ जुलै २००९ ची गोष्ट घ्या. ऑस्ट्रेलियातल्या मरंबेटमन या गावी अँथनी वेस्ली नावाचा संगणक-प्रोग्रॅमर घरच्या साडेचौदा इंची दुर्बिणीतून गुरूची छायाचित्रे घेत होता. गुरूच्या दक्षिण ध्रुवाजवळ एक काळा डाग फिरत फिरत समोर आला. उपग्रहाची सावली म्हणावी, तर त्या वेळी त्या जागी कोणाचीच सावली पडायला नको होती. वादळ म्हणावे, तर रंग भलताच काळा. दोन रात्री आधी त्याने नेमके याच भागाचे छायाचित्र घेतले होते आणि त्यात डाग नव्हता. वेस्लीने ओळखीच्या निरीक्षकांना आणि शास्त्रज्ञांना कळवले, हवाई बेटावरच्या नासाच्या अवरक्त दुर्बिणीने तिकडे तोंड वळवले आणि नक्की झाले की गुरूवर काहीतरी आदळले आहे. बरोबर पंधरा वर्षांपूर्वी, जुलै १९९४ मध्ये, शूमेकर-लेव्ही ९ या धूमकेतूचे तुकडे गुरूवर आदळले होते, पण तेव्हा सगळे जग आधीपासून तयारीत होते. या वेळी कोणालाच कल्पना नव्हती. या शोधात साडेचौदा इंची आरशाइतकेच दोन रात्री आधीच्या त्या रिकाम्या चित्राचे मोल आहे.

ही काही नवी रीत नव्हे. ७ जानेवारी १६१० रोजी गॅलिलिओला गुरूशेजारी तीन ठिपके दिसले, तेव्हा ते उपग्रह आहेत हे त्याला कळले नाही. त्याने त्यांना तारे मानले. दुसऱ्या रात्री ठिपक्यांनी जागा बदलल्या होत्या. तो परत पाहायला गेला नसता तर पहिल्या रात्रीचे चित्र निरर्थकच राहिले असते. १९३३ च्या ऑगस्टमध्ये शनीवर मोठा पांढरा डाग उमटला, तो लंडनहून विल हे याने पाहिला; हा गृहस्थ पेशाने रंगभूमीवरचा आणि सिनेमातला विनोदी नट. २००६ मध्ये गुरूवरचे एक जुने पांढरे वादळ तांबूस झाल्याचे फिलिपिन्समधल्या सेबू शहरातल्या क्रिस्टोफर गो याच्या ध्यानात आले, आणि त्याचा व्यवसाय फर्निचरचा. गुरूवरचा प्रसिद्ध तांबडा डाग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुमारे ४० हजार किलोमीटर रुंद होता. १९७९ मध्ये व्हॉयेजर याने तिथून गेली तेव्हा तो २३ हजारांच्या आसपास होता आणि आता त्याहूनही आखडला आहे. हे आखडणे आपल्याला सलग दाखवता येते याचे मोठे श्रेय १८९० साली स्थापन झालेल्या ब्रिटिश अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनसारख्या संस्थांच्या दप्तराला आहे. पाद्री, वकील, डॉक्टर, कारकून अशा माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या भरलेल्या वह्या आहेत त्या.

चंद्राकडे मात्र शोध लावायला जाऊ नये. त्याचा सगळा पृष्ठभाग आता यानांनी मोजून काढला आहे. तरीही सुरुवात चंद्रापासूनच करावी असे मी आग्रहाने सांगतो, कारण डोळा तयार करायला त्याच्याइतकी चांगली जागा नाही, आणि मराठी घरात त्याच्या निरीक्षणाचे वेळापत्रक भिंतीवर आधीच टांगलेले असते.

तिथी हा भटजींचा आणि उपासाचा विषय समजला जातो, पण मुळात ती कोनाची मोजणी आहे. पृथ्वीवरून पाहता चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे सरकला की एक तिथी पुरी होते. चंद्रावरची उजेड-अंधाराची सीमाही याच कोनाने ठरते. साहजिकच दिनदर्शिकेतली तिथी पाहिली की आज त्या सीमेवर कोणता मुलूख आला असेल ते दुर्बीण बाहेर काढण्याआधी सांगता येते. शुक्ल तृतीयेला कोरीच्या पोटातला न उजळलेला चंद्रही राखाडी दिसतो. पृथ्वीवरून परावर्तित झालेला तो सूर्यप्रकाश. चतुर्थीला पूर्वेकडच्या कडेजवळचे, सुमारे ५५० किलोमीटर रुंदीचे मेअर क्रिसियम हे अंडाकृती मैदान पूर्ण उजेडात आलेले असते. षष्ठीच्या सुमारास थिओफिलस, सिरिलस आणि कॅथरिना ही तीन विवरे एकाखाली एक उभी दिसतात. त्यातल्या थिओफिलसने शेजारच्या सिरिलसची भिंत मोडली आहे, म्हणजे आधी कोण आणि नंतर कोण हे नुसते पाहून सांगता येते. अष्टमीला चंद्राचा बरोबर मध्य सीमेवर असतो आणि अ‍ॅपेनाइन पर्वताची रांग उजळू लागते. नवमीला प्लेटोचे काळसर तळ असलेले विवर, आणि दक्षिणेकडे रुपेस रेक्टा हा सरळसोट कडा. लांबी ११० किलोमीटर, उंची मात्र जेमतेम अडीच-तीनशे मीटर. सूर्य उगवताना त्याची सावली शाईच्या बारीक रेघेसारखी पडते, आणि दोन आठवड्यांनी, कृष्ण अष्टमीनंतरच्या पहाटे, मावळत्या उन्हात तोच कडा पांढऱ्या रेघेसारखा चमकतो. दशमीला कोपर्निकस. त्याचा व्यास ९३ किलोमीटर, म्हणजे पुण्यापासून साताऱ्यापर्यंत सरळ रेषेत जेवढे अंतर होईल तेवढा. एकादशीला सायनस इरिडम या अर्धवर्तुळाकार आखाताभोवतीचे डोंगर उन्हात आणि आखाताचा तळ अंधारात, असा देखावा नशीब असेल तर सापडतो.

नशीब म्हणण्याचे कारण आहे. पंचांगात सूर्योदयाची तिथी छापतात, संध्याकाळपर्यंत ती बदललेली असू शकते. तेव्हा ती किती वाजता संपते तेही पाहावे. शिवाय चंद्र आपल्याकडे तोंड करून असला तरी थोडा डोलतो, त्यामुळे काळाच्या ओघात त्याचा ५९ टक्के पृष्ठभाग आपल्याला दिसून जातो. या डोलण्यामुळे वरच्या हिशेबात अर्ध्याअधिक तिथीचा फरक पडतो. चंद्राच्या विषुववृत्तावर ही सीमा ताशी सुमारे १५ किलोमीटर वेगाने सरकते. एखाद्या विवराच्या मधल्या शिखरावर अंधारात पहिला ठिपका उजळला, की जेवून परत या. तोवर ठिपक्याखाली डोंगर उभा राहिलेला असतो.

यावरून उघड आहे की कोजागरीला दूध आटवावे, दुर्बीण काढू नये. पौर्णिमेला ऊन थेट डोक्यावर, सावल्या नाहीत, चंद्र सपाट. टायको विवरापासून फाकलेले पांढरे पट्टे तेवढे तेव्हा उत्तम दिसतात. उलट गणेश चतुर्थीची कोर दुर्बिणीला सोयीची, आणि नेमकी त्याच रात्री चंद्र न पाहण्याची रूढी. बहुतेक वर्षी भाद्रपदातले ढग ती आपल्या वतीने पाळतात. संकष्टीला मात्र महाराष्ट्रातली लक्षावधी माणसे चंद्रोदयाची छापील वेळ पाहून गच्चीवर येतात, आणि आकाशातल्या घटनेची वेळ मिनिटापर्यंत तपासणारी एवढी माणसे मला दुसऱ्या कोणत्या निमित्ताने ठाऊक नाहीत. त्या रात्री बायनॉक्युलर जवळ असेल तर एवढे करावे: पंधरवड्यापूर्वी उजळलेले मेअर क्रिसियम पौर्णिमेनंतरच्या तृतीया-चतुर्थीला अंधारात बुडते. नैवेद्य दाखवून झाल्यावर ते अजून दिसते की गेले, हे पाहून वहीत लिहावे.

चंद्रावरची काळपट मैदाने बेसाल्टची आहेत, म्हणजे ज्या लाव्ह्याच्या खडकाचा सह्याद्री झाला त्याच जातीची. बुलढाण्याचे लोणार हे अशाच बेसाल्टमध्ये उल्कापाताने झालेले विवर असल्यामुळे चंद्राचा अभ्यास करणारे तिथे आवर्जून येतात. त्याचा व्यास १.८ किलोमीटर. तेच लोणार चंद्रावर नेऊन ठेवले तर चार इंची दुर्बिणीतून ते ओळखू येणे जवळजवळ अशक्य. झेंड्याच्या प्रश्नाला माझे हे ठरलेले उत्तर आहे.

ग्रहांकडे वळताना आपल्या भूगोलाबद्दल बोलले पाहिजे, कारण इंग्रजी मार्गदर्शक पुस्तके बहुधा पन्नास अंश अक्षांशावर बसून लिहिलेली असतात. धनू राशीच्या दक्षिणेकडच्या भागात असलेला ग्रह लंडनहून क्षितिजापासून जेमतेम १५ अंश वर येतो. पुण्याहून तोच ४८ अंशांवर चढतो, आणि मिथुनेत असला तर जवळजवळ माथ्यावर. ग्रहावरचे बारकावे दिसणे न दिसणे हे प्रकाश किती जाड हवेतून येतो यावर ठरते, त्यामुळे हा फायदा फार मोठा आहे. डेमियन पीच हा इंग्लंडचा नामांकित ग्रह-छायाचित्रकार कॅरिबियनमधल्या बार्बाडोसला दुर्बीण घेऊन जात आला आहे, तो याचसाठी. क्रिस्टोफर गोचे सेबू तर १० अंशांवरच आहे. आपल्याकडे संधिप्रकाशही लवकर सरतो आणि ग्रहांचा मार्ग क्षितिजाला बराच उभा असतो. सूर्यापासून कधीही २८ अंशांपेक्षा लांब न जाणारा बुध उत्तर युरोपात दुर्मीळ मानला जातो. कोकणच्या किनाऱ्यावरून किंवा देशावरच्या एखाद्या टेकडीवरून तो योग्य आठवड्यात सहज सापडतो.

या सगळ्याची किंमत पावसाळा वसूल करतो, आणि मंगळाच्या बाबतीत तर सूड उगवल्यासारखी. मंगळाची कक्षा चांगलीच लंबगोल आहे. तो सूर्याच्या सर्वांत जवळ असेल आणि त्याच वेळी पृथ्वी त्याच्या आणि सूर्याच्या मध्ये येईल, तर तो आपल्या अगदी जवळ येतो; आणि पृथ्वी कक्षेतल्या त्या ठिकाणी दर वर्षी ऑगस्टच्या अखेरीस पोचते. परिणामी मंगळाचे उत्तम योग कायम जुलै ते सप्टेंबरमध्ये पडतात. २७ ऑगस्ट २००३ रोजी तो ५ कोटी ५८ लाख किलोमीटरांवर आला, सुमारे ६० हजार वर्षांत आला नव्हता इतका जवळ. त्यानंतरची चांगली प्रतियुती, म्हणजे पृथ्वी अशी मध्ये येण्याचा योग, २७ जुलै २०१८ ची, पुढची सप्टेंबर २०३५ मधली. छत्री घेऊन बसावे अशाच सगळ्या तारखा. २००३ च्या त्या योगाची एक आठवण मात्र दर ऑगस्टला ढगांतून वाट काढत आपल्यापर्यंत पोचते. मंगळ चंद्राएवढा दिसणार, हा तो निरोप. मूळ मजकुरात ७५ पट मोठे करणाऱ्या दुर्बिणीतून, अशी अट होती. ती वाटेत गळली. अगदी जवळ आलेला मंगळही चंद्राच्या सत्तराव्या हिश्श्याएवढाच दिसतो.

शनीनेही असाच वनवास घडवला. २०१७ ते २०२५ या सगळ्या वर्षांत त्याची प्रतियुती जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंतच्या काळात येत राहिली. २०२६ ची ४ ऑक्टोबरला आहे, आणि तिथून पुढे ती दर वर्षी सुमारे दोन आठवड्यांनी हिवाळ्याकडे सरकत जाईल. २०२५ च्या मार्चमध्ये शनीची कडी आपल्या नजरेच्या पातळीत येऊन रेघेएवढी झाली होती. आता ती पुन्हा उघडू लागली आहेत. नव्याने दुर्बीण घेणाऱ्याला याहून बरा काळ मिळणार नाही. गुरूची प्रतियुती वर्षाला महिन्याभराने पुढे जाते, त्यामुळे बारा वर्षांच्या फेऱ्यात तीन-चार वर्षे पावसात जातात, एवढेच. शुक्राच्या कला छोट्या दुर्बिणीतूनही दिसतात आणि पहिल्यांदा पाहणाऱ्याला तो चंद्रच वाटतो. युरेनस आणि नेपच्यून ओळखून काढण्यात मजा आहे, पण त्यांच्यापाशी फार वेळ थांबण्यासारखे छोट्या दुर्बिणीत काही नाही.

आता डोळ्याविषयी, कारण तो जितका शिकतो तितकाच फसवतोही. १८७७ मध्ये मिलानच्या जोव्हानी स्किआपारेल्लीने मंगळावर सरळ रेषा पाहिल्या. पुढे पर्सिव्हल लोवेल या श्रीमंत अमेरिकन हौशी माणसाने अ‍ॅरिझोनात त्यासाठी वेधशाळा उभारली आणि त्या रेषा म्हणजे मंगळवासीयांनी खणलेले कालवे आहेत असे हिरिरीने मांडले. १९०९ मध्ये युजीन अँटोनियाडी याने पॅरिसजवळच्या म्यूदों इथल्या ८३ सेंटिमीटरच्या दुर्बिणीतून, हवा अगदी निवांत असताना, मंगळ पाहिला, तेव्हा कालवे विरघळून तिथे असंख्य अनियमित ठिपके आणि डाग उरले. डोळ्याला धूसर ठिपके दिसले की तो ते रेघेने जोडून टाकतो. लोवेल खोटे बोलत नव्हता. काय दिसणार हे त्याने आधी ठरवले होते.

म्हणूनच कॅमेऱ्याच्या या काळातही नवख्याने पहिली काही वर्षे कागदावर चित्र काढावे, असे माझे मत आहे. चित्रकला यावी लागत नाही. छापील वर्तुळ समोर घ्यावे, पट्टे आणि डाग जिथे दिसतात तिथे काढावेत, आणि शेजारी तारीख, वेळ, दुर्बीण, किती पट आणि हवा किती स्थिर हे लिहावे. गुरू स्वतःभोवती दहा तासांच्या आत फिरतो, दहा मिनिटांत सहा अंश. चित्र त्या बेताने पुरे करावे लागते. पहिल्या मिनिटाला दोन पट्टे दिसतात. डोळा न काढता थांबले की हवा मधूनच क्षणभर शांत होते, आणि त्या क्षणात पट्ट्याच्या कडेचा एखादा खळगा दिसून जातो. दिसले तेवढेच काढायचे, पुस्तकातले आठवते ते नाही. कॅमेराही हेच क्षण पकडतो: हजारो चौकटींचा व्हिडिओ घेऊन त्यातल्या निवडक स्थिर चौकटी संगणकावर एकमेकींवर रचतात. त्या चित्रांनी ग्रहविज्ञानाला आज मोठी मदत होते. २०१६ पासून गुरूभोवती फिरणाऱ्या जूनो यानाच्या चमूनेही हौशी निरीक्षकांच्या छायाचित्रांचा आधार घेतला आहे. पण चित्र फाजील धारदार केले की ग्रहाच्या कडेला नसलेली कडी उगवतात. लोवेलचे कालवे संगणकातही खणता येतात.

साधनांबद्दल या विषयावरच्या पुस्तकांत पानेच्या पाने असतात. मी दोन गोष्टी सांगून पुढे जातो. खोक्यावर ५२५ पट असे मोठ्या अक्षरांत छापलेली दुर्बीण घेऊ नये. आरशाचा किंवा भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये जितका, त्याच्या दुपटीपलीकडे प्रतिमा मोठी केली तर फक्त धूसरपणा मोठा होतो. दुसरे, दुर्बीण घरी बनवता येते. याचे श्रेय बऱ्याच अंशी जॉन डॉब्सनकडे जाते. सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त सोसायटीत १९४४ पासून रामकृष्ण परंपरेतला संन्यासी म्हणून राहिलेला हा माणूस जहाजाच्या खिडक्यांच्या जाड काचा घासून आरसे करी आणि पुठ्ठ्याच्या नळ्या, प्लायवूड वापरून दुर्बिणी उभ्या करी. लोकांना आकाश दाखवायला तो मठाबाहेर इतका राहू लागला की १९६७ मध्ये त्याला मठ सोडावा लागला. मग तो रस्त्याच्या कडेलाच दुर्बीण लावून उभा राहिला. त्याच्या पद्धतीची लाकडी बैठक आज जगभर त्याच्याच नावाने ओळखली जाते. पुण्याच्या आयुकामध्ये आरसा घासण्याच्या कार्यशाळांतून शिकून गेलेले शिक्षक आणि विद्यार्थी महाराष्ट्रात गावोगावी सापडतात.

धूमकेतूंकडे आलो की मात्र सवडीला नशिबाची जोड लागते. थॉमस बॉपकडे स्वतःची दुर्बीणही नव्हती. २३ जुलै १९९५ च्या रात्री अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात तो मित्राच्या दुर्बिणीतून एक तारकागुच्छ पाहत होता, तर शेजारी एक अनोळखी पुंजका दिसला. त्याच रात्री न्यू मेक्सिकोत अ‍ॅलन हेललाही तो दिसला, आणि १९९७ चा तो देखणा धूमकेतू हेल-बॉप झाला. युजी ह्याकुताके तर आधीच शोधलेला आपला पहिला धूमकेतू पुन्हा पाहायला जानेवारी १९९६ मध्ये पहाटे डोंगरावर गेला होता. त्या बाजूला ढग आले म्हणून त्याने मोठी बायनॉक्युलर बाजूच्या मोकळ्या आकाशात फिरवली आणि त्याला दुसरा सापडला. काओरू इकेया हा पियानोच्या कारखान्यातला कामगार, त्सुतोमु सेकी गिटारवादक. १९६५ च्या सप्टेंबरमध्ये दोघांनी वेगवेगळ्या गावांहून एकाच पहाटे पाहिलेला धूमकेतू महिन्याभराने सूर्याला इतका खेटून गेला की भर दिवसा दिसला. हे सगळे योगायोग वाटतात. पण पुंजका अनोळखी आहे हे कळायला त्या भागातले ओळखीचे सगळे पुंजके पाठ असावे लागतात. शार्ल मेसिएने अठराव्या शतकात त्याची प्रसिद्ध यादी केली ती याचसाठी. धूमकेतू शोधताना पुन्हा पुन्हा फसवणाऱ्या वस्तूंची ती यादी, आणि आज हौशी लोक त्या फसव्या वस्तूच पाहायला रात्र रात्र जागतात.

आता सारे आकाश चाळणाऱ्या स्वयंचलित दुर्बिणी आल्या आणि बहुतेक धूमकेतूंना त्यांचीच नावे लागतात. तरी एक फट उरली आहे. सूर्याजवळचा, पहाटेच्या उजेडात बुडणारा आकाशाचा पट्टा या यंत्रांना तितकासा सोयीचा नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये गेन्नादी बोरिसोव्हने क्रिमियात स्वतः बनवलेल्या दुर्बिणीने तिथूनच एक धूमकेतू पकडला, आणि तो दुसऱ्या कुठल्यातरी ताऱ्याच्या मुलखातून आलेला निघाला. ऑगस्ट २०२३ मध्ये जपानच्या हिदेओ निशिमुराने साध्या डिजिटल कॅमेऱ्याने याच पट्ट्यात आपला धूमकेतू शोधला. आपल्याकडे ग्रहांचा मार्ग पहाटे उभा असतो हे वर म्हटलेच आहे. या कामाला तो अंगचा गुण आहे. एकच पथ्य कडक: सूर्य उगवायच्या पुष्कळ आधी दुर्बीण आणि बायनॉक्युलर झाकून ठेवायची. एका क्षणाचा सूर्य डोळा कायमचा घालवतो.

शोध न लावताही धूमकेतूचे काम असते. तो किती तेजस्वी होईल याचे भाकीत वरचेवर चुकते. १९७३ चा कोहुटेक जाहिरातीच्या मानाने फिकाच निघाला, २०१३ चा आयसॉन सूर्याला वळसा घालताना विस्कटून गेला. प्रत्यक्षात तो कसा वाढतो-विझतो हे जगभरच्या डोळ्यांनी केलेल्या अंदाजांवरून कळते. पद्धत जुनी आणि बिनखर्चाची आहे: शेजारच्या ताऱ्यांची प्रतिमा बायनॉक्युलरचा फोकस हलवून धूमकेतूएवढी पसरवायची आणि ज्याचा पसरलेला उजेड त्याच्याशी जुळेल त्या ताऱ्याच्या तेजाची प्रत लिहायची. जुलै २०२० मध्ये निओवाइज धूमकेतू उत्तर गोलार्धात नुसत्या डोळ्यांनी दिसत असताना आपण टाळेबंदीत आणि आषाढाच्या ढगांखाली होतो. ऑक्टोबर २०२४ च्या त्सुचिनशान-अ‍ॅटलसने काहीशी भरपाई केली.

महाराष्ट्राला या विषयाची परंपरा आहे, पण ती कशाची आहे हे नीट पाहायला हवे. केरो लक्ष्मण छत्र्यांनी १८६० मध्ये ग्रहसाधनाची कोष्टके छापली. शंकर बाळकृष्ण दीक्षित आणि व्यंकटेश बापूजी केतकर हे दोघे पेशाने शिक्षक. दीक्षितांनी १८९६ मध्ये भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास सिद्ध केला, केतकरांनी १९११ मध्ये नेपच्यूनपलीकडच्या ग्रहांचे मांडलेले गणित फ्रान्समध्ये प्रसिद्ध झाले. ही परंपरा गणिताची. पंचांगातला ग्रह आकाशात त्याच जागी दिसला पाहिजे, हा वाद आपल्याकडे हिरिरीने झाला. त्या ग्रहाच्या तोंडावर काल काय होते आणि आज काय आहे, याची वही फारशी कोणी ठेवली नाही. बंगालात जेसोरच्या सरकारी तिजोरीतल्या राधागोविंद चंद्रांनी ठेवली. १९१० चा हॅलेचा धूमकेतू लहानशा बायनॉक्युलरने पाहून त्यांनी सुरुवात केली आणि पुढे रूपविकारी, म्हणजे उजेड कमीजास्त होणाऱ्या, ताऱ्यांच्या तेजाच्या ३७ हजारांहून अधिक नोंदी केल्या. अमेरिकेतल्या निरीक्षक-संघटनेने त्यांना सहा इंची दुर्बीण बोटीने पाठवून दिली. एवढ्या सगळ्या नोंदी नोकरी सांभाळून.

आज पुण्यात १९४४ पासून चालत आलेली ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, मुंबईचे खगोल मंडळ वांगणीला रात्रभराचे कार्यक्रम करते, पणजीत लोकांसाठी दुर्बीण लागते. या ठिकाणी आकाश दाखवणारे पुष्कळ आहेत आणि ते उत्तम दाखवतात. पाहिलेले लिहून ठेवणारे आणखी हवेत. निरीक्षणाच्या पुस्तकाने कोष्टकांची रिकामी पाने जोडावीत. ती भरून फाटली तर पुस्तक कामी आले असे समजावे.

हॅलेविषयी एक खबर देऊन थांबतो. १९८६ मध्ये त्याने आपली बरीच निराशा केली. पुढच्या खेपेस तो सूर्याच्या सर्वांत जवळ येईल २८ जुलै २०६१ ला, आणि त्या वेळी उत्तर गोलार्धातून चांगला दिसेल. तारीख पाहून वाचकाच्या लक्षात आलेच असेल. आज दहा वर्षांची असलेली मुले तेव्हा निवृत्तीच्या उंबरठ्यापलीकडे नसतील. त्यांनी रजा शिल्लक ठेवावी आणि तिकिटे लडाखची काढावीत.